किती आणि किती वेगाने : थायरॉईड संप्रेरकाच्या उपचारारंभी होणाऱ्या दुष्परिणामांचा इतिहास

प्रस्तावना

थायरॉईडची गोळी ही आज आपल्याकडील असंख्य घरांत सकाळच्या चहाआधीची नित्याची बाब झाली आहे. प्राध्यापक-कक्षातही 'तुमची किती मायक्रोग्रॅमची?' हा प्रश्न आता कोणास खटकत नाही. ही गोळी नव्याने सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत छातीत धडधड, हातांना सूक्ष्म कंप, झोप न लागणे, अंगाला घाम सुटणे, डोकेदुखी, केस गळणे, क्वचित छातीत दुखणे अशा तक्रारी काही रुग्ण करतात. औषधासोबतच्या पत्रकात या तक्रारींची यादी बारीक अक्षरांत छापलेली असते आणि ती फारशी कोणी वाचत नाही. वैद्यकाच्या इतिहासात मात्र या तक्रारींचे स्थान इतके गौण कधीच नव्हते.

प्रस्तुत निबंधात या दुष्परिणामांकडे पाहण्याच्या दृष्टीत १८९१ पासून कसकसे बदल होत गेले, याचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे. प्रतिपादन थोडक्यात असे की, आज ज्यांना आपण दुष्परिणाम म्हणतो ती लक्षणे प्रारंभीची कित्येक दशके औषधाची मात्रा ठरवण्याचे मुख्य साधन होती. रक्ताची विश्वासार्ह चाचणी हाती आल्यावर त्या लक्षणांचा दर्जा बदलला आणि त्याबरोबर ती लक्षणे सांगणाऱ्या रुग्णाच्या शब्दाचाही दर्जा बदलला.

आरंभीच एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. बहुतेक औषधे शरीराला परकी असतात आणि त्यांचे दुष्परिणाम या परकेपणातून उद्भवतात. लेव्होथायरॉक्सिनचे तसे नाही. अवटुग्रंथी, म्हणजेच थायरॉईड ग्रंथी, जे संप्रेरक स्वतः निर्माण करते त्याचाच तो हुबेहूब रेणू होय. म्हणून त्याच्या सेवनाने होणारा त्रास बहुतांशी एक तर मात्रा अधिक झाल्याचा असतो, किंवा मात्रा योग्य असूनही ती शरीरावर फार घाईने लादल्याचा असतो. या दोहोंतील फरक वैद्यकाला सहज उमगला नाही.

उणिवेतून कळलेली ग्रंथी

थायरॉईडचे कार्य प्रथम कळले ते तिच्या अभावातून. १८७३ साली लंडनमध्ये विल्यम गल यांनी प्रौढ वयात जडत्व आलेल्या, चेहरा सुजलेल्या व बोलणे मंदावलेल्या काही स्त्रियांचे वर्णन केले. विल्यम ऑर्ड यांनी १८७८ साली या अवस्थेला 'मिक्सिडिमा' हे नाव दिले. तथापि ग्रंथी आणि हा रोग यांचा कार्यकारणसंबंध उघड झाला तो स्वित्झर्लंडमधील शस्त्रक्रियागृहांत.

बर्न येथील थिओडोर कोखर हे गलगंडाच्या शस्त्रक्रियेत त्या काळी युरोपात अग्रगण्य होते. १८७४ साली त्यांनी अकरा वर्षांच्या एका मुलीची संपूर्ण ग्रंथी काढली. मुलीचा स्वभाव पालटल्याचे तिच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पुढे कळवले. परंतु त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही. जिनिव्हाच्या जाक रेव्हेर्दँ यांनी १८८२ मध्ये अशाच निरीक्षणांकडे लक्ष वेधल्यावर कोखर यांनी आपल्या जुन्या रुग्णांना परत बोलावले. संपूर्ण ग्रंथी काढलेल्या ३४ जणांपैकी १८ जणांची तपासणी झाली. त्यांतील १६ जणांत ऱ्हासाची चिन्हे आढळली. ती मुलगी आता धाकट्या बहिणीपेक्षाही खुजी राहिली होती. दोघी बहिणी शेजारी शेजारी उभ्या असलेले छायाचित्र वैद्यकाच्या इतिहासग्रंथांत आजही पाहावयास मिळते आणि ते पाहताना मन अस्वस्थ होते. कोखर यांनी १८८३ साली हे सर्व जाहीरपणे मांडले व साध्या गलगंडासाठी संपूर्ण ग्रंथी काढणे सोडून दिले. १९०९ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले त्यात शस्त्रकौशल्याइतकाच या प्रांजळपणाचाही वाटा असावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

त्याच वर्षी फेलिक्स सेमॉन यांनी लंडनमध्ये असे सुचवले की मिक्सिडिमा, क्रेटिनिझम आणि शस्त्रक्रियेनंतरचा ऱ्हास या तिन्हींचे मूळ एकच आहे. त्याची तपासणी करण्यासाठी लंडनच्या क्लिनिकल सोसायटीने नेमलेल्या समितीने १८८८ मध्ये प्रदीर्घ अहवाल देऊन हा तर्क मान्य केला. रोगाचे कारण कळले. उपचार मात्र नव्हता.

न्यूकॅसल, १८९१

लिस्बनच्या बेतांकूर आणि सेर्रानो या दोन डॉक्टरांनी १८९० मध्ये मिक्सिडिमाच्या एका स्त्रीच्या त्वचेखाली मेंढीच्या थायरॉईडचा तुकडा रोपण केला. दुसऱ्याच दिवसापासून तिला उतार पडू लागला. न्यूकॅसलमधील जॉर्ज मरे या पंचविशीतल्या तरुण डॉक्टरास हा वेग लक्षणीय वाटला. रोपण केलेल्या तुकड्यात रक्तवाहिन्या रुजण्यास इतक्या लवकर अवसर मिळणे शक्य नव्हते. अर्थात गुण आला तो तुकड्यातील रस शोषला गेल्यामुळे. मग रोपणाची यातायात कशाला, रसच का देऊ नये? मरे यांनी ही कल्पना स्थानिक वैद्यक सभेत मांडली तेव्हा एका ज्येष्ठ सदस्याने तिची थट्टा केल्याची आठवण त्यांनी पुढे नमूद केली आहे.

कत्तल होताच मेंढीची ग्रंथी काढावयाची, तिचे तुकडे ग्लिसरीन व सौम्य कार्बोलिक आम्लात चोवीस तास ठेवावयाचे आणि स्वच्छ रुमालातून पिळून रस गाळावयाचा, अशी कृती होती. १३ एप्रिल १८९१ रोजी ४६ वर्षांच्या एका स्त्रीला हे इंजेक्शन देण्यास आरंभ झाला. काही आठवड्यांत सूज ओसरली, बोलणे सुधारले, कोरडी त्वचा पुन्हा घामेजू लागली. १० ऑक्टोबर १८९१ च्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मरे यांचे टिपण प्रसिद्ध झाले.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग यानंतरचा आहे. गुणाबरोबर त्रासाचीही नोंद मरे यांनी आपल्या सुरुवातीच्या लेखांतच केली. इंजेक्शन भराभर दिल्यास चेहरा लाल होणे, मळमळणे, कंबर दुखणे, प्रसंगी शुद्ध हरपणे हे प्रकार घडत. म्हणून ते अत्यंत सावकाश द्यावे, असा त्यांचा आग्रह होता. 'हळू' हा शब्द या औषधाच्या इतिहासात प्रथम येतो तो असा, सुईच्या दट्ट्यासंबंधी. महिनोन्‌महिन्यांच्या मात्रेसंबंधीचा 'हळू' अद्याप यावयाचा होता.

या पहिल्या रुग्णेची पुढील हकिकत मरे यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केली. ती आणखी २८ वर्षे जगली आणि १९१९ साली वयाच्या ७४ व्या वर्षी वारली. तिच्या उपचारासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या, असा हिशेब त्यांनी दिला आहे. आपल्याकडील शाकाहारी वाचकास हा आकडा दचकवील हे खरे. परंतु इन्शुलिनपूर्व काळात एखाद्या ग्रंथीच्या अभावाची भरपाई करून माणूस पाव शतकाहून अधिक काळ जगवता येतो, याचा हा पहिला निर्विवाद पुरावा होता.

नाडी हेच मापक

१८९२ मध्ये इंजेक्शनची जागा तोंडाने देण्याच्या पद्धतीने घेतली. लंडनचे हेक्टर मॅकेन्झी, प्लिमथचे एडवर्ड फॉक्स आणि कोपनहेगनचे हॉविट्झ यांनी स्वतंत्रपणे ग्रंथी खाऊ घालण्याचा प्रयोग केला. फॉक्स यांची रुग्णा आठवड्यातून एकदा मेंढीची अर्धी ग्रंथी हलकीच परतून आंबटगोड जेलीबरोबर खात असे. यात मौज आहे, तशी एक गंभीर अडचणही आहे. मेंढीची ग्रंथी ही काही मापे घालून घडवलेली वस्तू नव्हे. प्राणी, ऋतू आणि चारा यांनुसार तिच्यातील संप्रेरकाचे प्रमाण बदलते. 'अर्धी ग्रंथी' म्हणजे नेमके किती औषध, हे देणाऱ्यासही ठाऊक नव्हते आणि घेणाऱ्यासही.

अशा स्थितीत मात्रा ठरवावयाची कशी? उत्तर एकच होते, रुग्णाच्या शरीरावरून. नाडी जलद झाली, हात थरथरू लागले, झोप उडाली, डोके दुखू लागले, हातापायांत वेदना आल्या, वजन झपाट्याने उतरले, की डॉक्टर मात्रा कमी करीत अथवा काही दिवस औषध थांबवीत. या लक्षणसमूहाला 'थायरॉईडिझम' असे नाव पडले. काहींच्या तळहातांची व तळपायांची कातडी सोलून निघे. ते मात्र औषध लागू पडल्याचे चिन्ह मानले जाई. एकाच वेळी सुरू होणाऱ्या या बदलांतील कोणता शुभ व कोणता अशुभ, हे ओळखणे हेच त्या काळच्या चिकित्सकाचे कौशल्य होते. त्यासाठी रुग्णाला वारंवार पाहावे लागे, त्याला विचारावे लागे आणि त्याचे उत्तर खरे मानावे लागे.

यातील खरा धोका मात्र लक्षणांच्या यादीत दिसत नसे. दीर्घकाळ संप्रेरकाविना राहिलेले हृदय मंद गतीने, अल्प प्राणवायूवर काम करण्यास सरावलेले असते. औषधाने सर्व शरीराची मागणी एकदम वाढते. रुग्णाला हुशारी वाटू लागते, तो अंथरूण सोडून कामाला लागतो आणि नेमके तेव्हाच हृदय दगा देते. १८९० च्या दशकातील वैद्यकीय लेखांत उपचार लागू पडत असतानाच हृदयक्रिया बंद पडून मृत्यू आल्याच्या नोंदी मिळतात. त्यामुळे उपचाराच्या आरंभी श्रम टाळावेत, वृद्धांना मात्रा विशेष कमी ठेवावी, हे सूत्र लवकरच रूढ झाले. बरे वाटणे हीच सावधगिरीची वेळ, हा अनुभव डॉक्टरांनाही नवा होता.

यामागील शरीरक्रिया आज आपणास ज्ञात आहे. थायरॉक्सिनचे रक्तातील अर्धायुष्य सुमारे सात दिवसांचे असते. ग्रंथी मंद असलेल्या रुग्णांत ते याहूनही लांबते. परिणामी रोज तीच मात्रा घेतली तरी रक्तातील पातळी पाच-सहा आठवडे चढत राहते. पहिल्या आठवड्यात काहीच जाणवले नाही म्हणून मात्रा वाढवली, तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दोन्ही वाढींचा भार एकदम येतो. मेंढीच्या ग्रंथीवर चालणाऱ्या डॉक्टरांना अर्धायुष्याची कल्पना नव्हती. परंतु औषध साचत जाते व थांबवल्यावरही त्याचा अंमल लगेच उतरत नाही, एवढे त्यांनी अनुभवाने ताडले होते. आणखी एक धोका यथावकाश लक्षात आला. ज्यांच्या अधिवृक्क ग्रंथीही दुर्बळ आहेत अशा रुग्णांना आधी थायरॉक्सिन दिल्यास शरीरातील कॉर्टिसॉल अधिक वेगाने खर्ची पडते आणि प्राणावर बेतू शकते. या दोन ग्रंथींचा ऱ्हास एकाच रुग्णात आढळतो, हे श्मिट यांनी १९२६ मध्ये दाखवून दिले होते.

निरोगी ग्रंथीवरील शस्त्रक्रिया

हृदयाविषयीच्या या भीतीला विसाव्या शतकात एक विलक्षण वळण मिळाले. बर्लिनच्या हर्मान झोंडेक यांनी १९१८ मध्ये दाखवले की मिक्सिडिमात हृदय आकाराने वाढते आणि थायरॉईड दिल्यावर ते पुन्हा पूर्ववत होते. म्हणजे औषध हृदयास घातक तसेच उपकारकही. तरीही हृद्‌शूल असलेल्या रुग्णास ते द्यावे की नाही, याबाबत संभ्रम कायम राहिला.

बॉस्टनमधील हर्मन ब्लूमगार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा तर्क उलट्या दिशेने नेला. थायरॉईडमुळे हृदयावरील भार वाढत असेल, तर भार कमी करण्यासाठी ग्रंथीच का काढू नये? १९३३ मध्ये त्यांनी तीव्र हृद्‌शूल व हृदयविकार असलेल्या, परंतु थायरॉईड पूर्णतः निरोगी असलेल्या रुग्णांची ग्रंथी समूळ काढण्याचा उपचार प्रसिद्ध केला. काहींच्या वेदना खरोखरच कमी झाल्या. त्यानंतर मिक्सिडिमा होणे अटळच होते. म्हणून अशा रुग्णास थायरॉईडची अल्प मात्रा द्यावयाची, इतकी की सूज व जडत्व असह्य होऊ नये, पण वेदना परतू नये. कोखर यांनी जे घडल्याबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला होता, तेच पन्नास वर्षांनी हेतुपुरस्सर घडवून आणले गेले. यास क्रौर्य म्हणणे अन्यायाचे होईल, कारण त्या रुग्णांपुढे दुसरा मार्ग फारसा नव्हता. परंतु एका औषधाचा दुष्परिणाम हा दुसऱ्या उपचाराचा पाया कसा होऊ शकतो, याचे इतके ठळक उदाहरण अन्यत्र क्वचितच सापडेल.

भीतीचे प्रमाण मोजण्याचा महत्त्वाचा प्रयत्न मेयो क्लिनिकमधील कीटिंग आदींनी १९६१ मध्ये केला. उपचार घेतलेल्या १५०३ रुग्णांपैकी ५५ जणांना आधीपासून हृद्‌शूल होता. त्यांतील बहुतेकांची वेदना कमी झाली किंवा होती तशीच राहिली, थोड्यांची वाढली. ३५ जणांना उपचारानंतर ती नव्याने सुरू झाली. धोका खरा होता. पण परंपरेने मानला होता तितका सार्वत्रिक नव्हता. नेदरलँड्समधील एका यादृच्छिक चाचणीत २००५ साली ५० रुग्णांची तुलना झाली. काहींना आरंभापासून पूर्ण मात्रा, काहींना २५ मायक्रोग्रॅमपासून चढती. हृदयविकाराची चिन्हे नसलेल्या या रुग्णांत दोन्ही पद्धती सारख्याच निर्धोक ठरल्या. वृद्ध व हृदयरोगी यांच्यासाठी मात्र हळूहळू चढण्याची रीत कायम राहिली. औषधांच्या दुकानातील २५ मायक्रोग्रॅमची गोळी ही आज कोणाची पूर्ण मात्रा क्वचितच असते. तिचे अस्तित्व बरेचसे या जुन्या सावधगिरीमुळे आहे.

दुष्परिणामाची विक्री

ज्या लक्षणांना डॉक्टर भीत होते त्यांतील एकाला बाजाराने गुण मानले. १८९४ मध्ये कोलोनच्या लाइश्टेनश्टेर्न यांनी स्थूल व्यक्तींचे वजन थायरॉईडने घटते, असे नोंदवले आणि काही वर्षांतच मेद झडवण्याच्या गोळ्यांत वाळवलेली थायरॉईड शिरली. १८९८ मध्ये नोत्थाफ्ट यांनी वर्णिलेल्या एका पुरुषाने वजन उतरवण्यासाठी पाच आठवड्यांत सुमारे हजार गोळ्या घेतल्या आणि त्याच्यात अतिथायरॉईड अवस्थेची सर्व लक्षणे उमटली. अमेरिकेत 'मार्मोला' या नावाने असे औषध टपालाने व दुकानांतून दशकानुदशके खपत राहिले. तेथील व्यापार आयोगाने त्याची जाहिरात रोखली. परंतु १९३१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की प्रतिस्पर्धी व्यापाऱ्यांची हानी सिद्ध झाल्याखेरीज आयोगास हा अधिकार नाही. ग्राहकाच्या नाडीची हानी कायद्याच्या दृष्टीने मोजणीतच नव्हती. १९३८ मध्ये कायदा बदलला आणि ग्राहकाची फसवणूक हे स्वतंत्र कारण मानले गेले. आज अमेरिकेत या औषधाच्या पत्रकावर ते वजन घटवण्यासाठी वापरू नये, अशी ताकीद चौकटीत छापावी लागते.

याच मालिकेत डेक्स्ट्रोथायरॉक्सिनची नोंद करावयास हवी. थायरॉक्सिनचे हे आरशातील प्रतिबिंब कोलेस्टेरॉल कमी करील आणि हृदयावर भार टाकणार नाही, अशी अपेक्षा होती. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांवरील अमेरिकेतील मोठ्या 'कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट'मध्ये ते देण्यात आले. त्या गटात मृत्यू अधिक होत असल्याचे दिसताच ते थांबवण्यात आले. त्याचा अहवाल १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. १८९० च्या दशकातील डॉक्टरांस त्याचे फारसे आश्चर्य वाटले नसते.

शरीराकडून अहवालाकडे

मापनाचा प्रश्न रसायनशास्त्राने सुटेल, अशी आशा आरंभापासून होती. १८९५ मध्ये बाउमान यांना ग्रंथीत आयोडीन सापडले आणि भुकटीची शक्ती आयोडीनच्या प्रमाणावरून ठरवण्याची प्रथा पडली. २५ डिसेंबर १९१४ रोजी एडवर्ड केंडल यांनी थायरॉक्सिनचे स्फटिक वेगळे केले. त्यांनी मांडलेली संरचना मात्र चुकीची ठरली. योग्य संरचना चार्ल्स हॅरिंग्टन यांनी १९२६ मध्ये दिली व पुढल्याच वर्षी जॉर्ज बार्गर यांच्यासमवेत तो रेणू प्रयोगशाळेत घडवला. तरीसुद्धा व्यवहारात ग्रंथीची भुकटी आणखी काही दशके टिकून राहिली, कारण ती स्वस्त होती व डॉक्टरांच्या सवयीची होती. तिच्यातील आयोडीनचे प्रमाण बरोबर असूनही औषध निष्प्रभ निघे. एक बाटली संपून दुसरी उघडताच रुग्णास धडधड सुरू होई किंवा जडत्व परते. १९६१ मध्ये 'लॅन्सेट'मधील एका लेखाच्या शीर्षकातच मॅक्ग्रेगर यांनी विचारले होते की ही भुकटी अजून कोणी वापरतेच कशाला?

दरम्यान चयापचयाचा मूळ वेग मोजून मात्रा ठरवण्याची पद्धत आली. ती बोजड होती आणि रुग्ण घाबरला तरी आकडा बदलत असे. १९५२ मध्ये ग्रॉस आणि पिट-रिव्हर्स यांनी ट्रायआयोडोथायरोनिन शोधले. ते झटपट कार्य करते, त्यामुळे धडधडही झटपट होते. ब्रेव्हरमन व सहकाऱ्यांनी १९७० मध्ये दाखवले की शरीर स्वतःच थायरॉक्सिनपासून ते बनवते; तेव्हा केवळ थायरॉक्सिन देणे पुरेसे आहे, हे मत प्रबळ झाले.

खरा पालट घडवला तो पियूषिका ग्रंथीच्या टीएसएच या संप्रेरकाच्या रक्तचाचणीने. १९७० च्या दशकात ती रूढ होताच एक अवघड सत्य पुढे आले. तोवर दिली जाणारी २०० ते ४०० मायक्रोग्रॅमची दैनिक मात्रा अनेकांना प्रत्यक्षात जास्त होत होती. १०० ते २०० च्या दरम्यानची मात्रा बहुतेकांना पुरत होती. म्हणजे ज्यांनी वर्षानुवर्षे घाम, कंप आणि निद्रानाश यांची तक्रार केली, त्यांतील कित्येकांचे म्हणणे खरे होते. उलटपक्षी, ज्यांनी काहीच तक्रार केली नाही तेही सर्व सुरक्षित नव्हते. १९९४ च्या फ्रॅमिंगहॅम अभ्यासात साठीपुढील ज्या व्यक्तींचे टीएसएच अतिशय कमी होते, त्यांच्यात पुढील दहा वर्षांत हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुमारे तिप्पट आढळला. शरीर न सांगताही हानी होते, हे चाचणीने शिकवले. हा तिचा मोठाच उपकार होय. येथे जुन्या पद्धतीचे गोडवे गाण्याचा हेतू नाही.

तथापि चाचणीने एक गोष्ट हिरावूनही घेतली. अहवालातील आकडा योग्य मर्यादेत असल्यावर रुग्णाची तक्रार कोठे ठेवावयाची, याला जागा उरली नाही. न्यूझीलंडमधील प्रसंग या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. तेथे थायरॉक्सिनचा एकच ब्रँड शासकीय अनुदानाने मिळत असे. २००७ मध्ये त्याचे उत्पादन दुसऱ्या देशात हलले. गोळीचा रंग, आकार आणि पूरक द्रव्ये बदलली, मूळ औषध तेच राहिले. आधीच्या तीस वर्षांत या औषधाच्या दुष्परिणामांच्या अवघ्या १४ तक्रारी नोंदल्या गेल्या होत्या. नव्या गोळीनंतर सुमारे दीड वर्षात १४०० हून अधिक आल्या. तपासणीत गोळीतील औषधाचे प्रमाण योग्य आढळले. वृत्तपत्रे व दूरचित्रवाणीवरील चर्चेने तक्रारी वाढल्या, असा निष्कर्ष २००९ मधील एका अभ्यासाने काढला आणि तो बऱ्याच अंशी ग्राह्य आहे. पण इतिहासाच्या अभ्यासकास त्या आधीच्या १४ या आकड्याचेही कुतूहल वाटते. हजारो लोक तीस वर्षे हे औषध घेत होते. त्यांतील केवळ चौदा जणांनाच त्रास झाला असेल, हे संभवत नाही. त्रास होत असणार. परंतु धडधड होते म्हणून मात्रा बदलली की ती तक्रार उपचाराचाच भाग ठरून विरून जात असणार. गोळीचा रंग बदलल्यावर तीच तक्रार नोंदणीयोग्य झाली. २०१७ मध्ये फ्रान्समध्येही पूरक द्रव्ये बदलल्यानंतर अशाच तक्रारींची लाट उसळली आणि प्रकरण न्यायालयांपर्यंत गेले.

आपल्याकडे हा विषय दूरचा राहिलेला नाही. मुंबई व गोवा यांसह आठ शहरांतील ५३७६ प्रौढांच्या पाहणीत, जिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले, सुमारे ११ टक्के व्यक्तींत थायरॉईडची उणीव आढळली. स्त्रियांत हे प्रमाण पुरुषांहून अधिक होते. त्यांतील बहुतेकांना आपल्या आजाराची आधीच कल्पना होती. म्हणजे या शहरांतील कित्येक घरांत कोणीतरी, बहुधा घरातली स्त्री, ती गोळी पहिल्यांदा घेतल्यानंतरच्या आठवड्यांतून गेलेली आहे. सहा ते आठ आठवड्यांनी चाचणी करून या, असे तिला सांगितले जाते. त्या मधल्या काळात रात्री छाती धडधडली तर ती कोणाला सांगते, आणि सांगितल्यावर 'वयामुळे असेल', 'काळजी फार करतेस' यांपैकी कोणते उत्तर तिला मिळते, हे टीएसएचच्या अहवालात येत नाही. मरे यांच्या रुग्णेच्या बाबतीत ते कागदावर उतरले, कारण १८९१ मध्ये तिच्या डॉक्टरांपाशी विचारण्याजोगे दुसरे काही नव्हते.